पाणीवाले उभे असतात तिथून

१

उजाडलं की धाकटा भिंतीला टेकवलेली चावी खांद्यावर घ्यायचा आणि निघायचा. ही चावी कुलपाची नव्हे. छातीइतकी उंच लोखंडी सळई, वर दोन हातांनी धरायला आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड. रस्त्यातलं झाकण बाजूला करायचं, चावी आत सोडून व्हॉल्व्हवर बसवायची आणि रेटत रेटत फिरवायची. मग जमिनीखाली कुणी आवंढा गिळल्यासारखा आवाज होतो आणि त्या गल्लीच्या नळांना पाणी येतं. एक गल्ली भरली की पुढची. गाव एवढंसं आणि टाकी त्याहून लहान. सगळ्यांना एकदम पाणी सोडलं तर कुणाच्याच भांड्यात पडत नाही.

काम मूळ दादाचं. दादा या गावात एकटा खोली घेऊन राहायचा आणि पाणी सोडायचा. एका सकाळी गावाबाहेरच्या वळणावर, शेवटच्या व्हॉल्व्हपाशी, तो बसलेला सापडला. दोन्ही हात मुठीवर, मान खाली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, दम खातोय. नळ चालू होते, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. पाणी बंद असतं तर लवकर कळलं असतं.

निरोप पोचून धाकटा गावात येईपर्यंत सगळं उरकलं होतं. ऊन मरणाचं होतं, थांबता आलं नाही, असं ज्याने त्याने सांगितलं. कुणाचा दोष नव्हता. पण धाकट्याला भावाचं शेवटचं तोंड दिसलं नाही ते नाहीच. त्याच्या वाट्याला आली खोलीतली खाट, खुंटीवरचे शर्ट आणि ही चावी.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. तिचे गुडघे कामातून गेलेले. ती घरातच होती.

"तू तरी तोंड पाहिलंस ना रे त्याचं?"

"पाहिलं."

"कसं होतं?"

"शांत. झोपल्यासारखं."

"दाढी केली होती का रे त्याने? एकटा असला की वाढवतो मेला."

मेला, हा शब्द तिच्या तोंडून सवयीने निघाला आणि दोघांनाही टोचला. धाकट्याने फोन ठेवला. एवढं धडधडीत खोटं बोलल्यावर आता घरी जायचं तरी कुठल्या तोंडाने? सामान घेऊन उलट पावली परतायला आलेला माणूस तिथेच राहिला. गावालाही पाणी सोडायला कुणीतरी हवंच होतं.

२

खोलीची मालकीण खाली किराणा विकायची. तिला सगळं गाव आत्या म्हणायचं, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा.

"सोपं आहे रे," पहिल्या दिवशी तिने सांगितलं. "पहिला व्हॉल्व्ह गिरणीच्या पायरीशी. मग चिंचेखाली एक. मग म्हातारा खोकतो तिथे. आणि शेवटचा वळणावर. तुझ्या दादाला मीच दाखवले होते."

धाकटा गिरणी शोधत निघाला. आत्याने सांगितलेल्या जागी मोकळं मैदान होतं, खुरटं गवत आणि एक शेळी. तो पुढे गेला, मागे आला, घामाघूम झाला. समोरच्या टपरीत शिंपी मशीन चालवत होता. तो बराच वेळ मजा बघत राहिला आणि मग ओरडला,

"काय हरवलंय रे, नव्या पाणीवाल्या?"

"गिरणी कुठाय?"

"त्यात तर उभायस! बाजूला हो, दळणाच्या बायका धपाटा घालतील."

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पायाखाली बघतो तर खरंच लोखंडी झाकण होतं.

गिरणी जळाली तेव्हा शिंपी चड्डीत होता. चिंच रस्ता रुंद करताना पाडली. या गावाचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नव्हता. तो पत्ता विचारला की कळायचा. वेशीवर नावाची पाटी होती, पण तिच्यावरची अक्षरं उन्हाने खाल्ली होती. धाकट्याला त्याचं काही वाटलं नाही. अक्षरांशी त्याचं लहानपणापासून वाकडं. उलट इथे वाचावं लागत नाही, हे त्याला बरंच वाटलं.

"नाही ना आता ती गिरणी," तो शिंप्याला म्हणाला. "मग गिरणी होती तिथे, असं तरी म्हणा."

"होती म्हटलं तर कोण कशाला थांबेल?" शिंपी दोरा ओवत म्हणाला. "आहे म्हटलं की माणूस बरोबर पोचतो. तू पोचलास की नाही?"

३

काही दिवसांत गाव पायांना पाठ झालं. झाकण कुठे आहे ते न बघता पाय तिथे थांबायला लागले.

एकदा खोलीवर येऊन तो हातपाय धुवायला बसला तर पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत पांढरा. झटकलं तर भुरभुर उडालं. त्याने चिमटीत घेतलं. मऊ होतं, आणि कोमट. लहानपणी आई दळण आणायला पाठवायची, तेव्हा डबा छातीशी धरला की असंच कोमट लागायचं. त्याने चिमूट नाकाशी नेली, आणि मग आपल्यालाच हसून पाय धुऊन टाकला. रस्त्याला चुना मारला असेल कुणी. चुना उन्हाने तापतोच.

पण सकाळी त्याने मैदानावर मुद्दाम बघितलं. चुना कुठे दिसला नाही. शेळी होती.

चिंचेच्या व्हॉल्व्हवर चावीची मूठ गार लागायची. इतर ठिकाणी उन्हात लोखंडाला हात लावला की चटका बसे, इथे मात्र माठाला हात लावावा तशी. खालून पाणी वाहतं, म्हणून, असं त्याने स्वतःला समजावलं. पाणी सगळ्याच व्हॉल्व्हांखालून वाहत होतं, हा विचार त्याने पुढे जाऊ दिला नाही.

म्हाताऱ्याची मात्र त्याला सोबत वाटायची. गल्लीला लागून एक उंच भिंत होती, तिला एक बंद खिडकी. झाकण उघडायला तो वाकला की खिडकीमागून खोकला यायचा, खोल, ओला, छातीचा पिंजरा हलवणारा. धाकटा ओरडायचा, "आजोबा, पाणी आलं हो! भरून घ्या!" खोकला थांबायचा. कुणीतरी ऐकलं, एवढंही त्याला त्या दिवसांत पुष्कळ होतं. दिवसभरात त्याच्याशी कामापलीकडे कोण बोलत होतं? रात्रभर तर तो खोलीच्या छताशी बोलायचा.

एकदा त्याने आत्याला म्हटलं, "त्या म्हाताऱ्याला दाखवा हो कुणीतरी डॉक्टरला. फार खोकतो."

"हो ना. खोकतो खरा," आत्या डाळ मापत म्हणाली.

"घरात कुणी नाही का त्याचं?"

"घर कुठाय रे? पुढची भिंत तेवढी राहिलीय."

दुसऱ्या दिवशी धाकट्याने दगडावर चढून खिडकीची फळी ओढली. फळी हातात आली. पलीकडे आकाश होतं, आणि खाली उंच वाढलेलं गवत. तो बघत असतानाच त्याच्या अगदी कानाशी, भिंतीच्या आतल्या बाजूने, कुणीतरी खाकरलं.

तो दगडावरून उतरला नाही, पडला. गुडघा फुटला. मग बसल्या बसल्या त्याला उलगडलं आणि तो मोठ्याने हसला. हवा! पाइपात हवा अडकली की पाइप खोकतो. कुठल्याही पाणीवाल्याला विचारा. भिंतीतून जुना पाइप गेला असणार, दुसरं काय! त्याने फळी परत लावली. पण त्या दिवसापासून त्या गल्लीत पाणी आल्याची हाळी त्याने दिली नाही.

४

वळणावरच्या व्हॉल्व्हचं त्याला पहिल्यापासून भय होतं. दादा तिथे गेला म्हणून, आणि शिंप्याने सांगून ठेवलं होतं म्हणून, "तो व्हॉल्व्ह दोघांचा आहे बाबा. एकानं समोरून रेटायचं. तुझा दादा बैल होता, एकटाच ओढायचा. तू जपून."

पण तो तर लोण्यासारखा फिरायचा. धाकटा अंग झोकून द्यायला जायचा आणि मूठ हलकीच पुढे सरकायची, जणू समोरूनही कुणी रेटतंय. दादाने ग्रीस भरलं असेल. शिवाय मागे राहिलेल्या टोकाच्या घरांतून भांड्यांचा खणखणाट तो पोचायच्या आधीच सुरू झालेला असे. व्हॉल्व्ह गळत असेल.

असेल तर असू दे. त्याला तिथे बरं वाटायचं. सगळ्या गावात तेवढी एकच जागा होती जिथे छातीवरचा धोंडा जरा सरकायचा. आजूबाजूला झाड नाही, घर नाही, नुसतं वळण आणि पांढरा रस्ता. तरी काम झाल्यावर तो तिथे टेकायचा आणि दादाच्या काही ना काही गोष्टी बोलत बसायचा, मोठ्याने. आपण वेडे झालो असं त्याला वाटत नव्हतं. वेडं व्हायला वेळ लागतो.

एके दिवशी सकाळची फेरी संपवून तो शिंप्याच्या टपरीत शर्ट आखूड करून घ्यायला बसला होता. दादाचा शर्ट. बाह्या लांब होत होत्या. तेवढ्यात एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर बाहेरगावचा होता. त्याने मान बाहेर काढून वीटभट्टी विचारली.

"सरळ जा," शिंपी मशीन न थांबवता म्हणाला. "पुढे वळणावर पाणीवाले उभे असतात, तिथून डावीकडे."

टेम्पो गेला. धाकटा उठला.

"काय म्हणालास?"

"अं?"

"कोण उभे असतात?"

शिंप्याने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अरे, ते आपलं... बोलायची रीत..."

धाकट्याने त्याची कॉलर धरली. मशीन कलंडलं, रिळं रस्त्यावर घरंगळत गेली. "माझा भाऊ मेलाय! कळतं का? मेलाय तो! गिरणी नाही, झाड नाही, माणूस मेलाय आणि तू त्याच्या नावाने रस्ता सांगतोस?"

लोक धावले. आत्या गल्ला उघडा टाकून धावत आली. तिने धाकट्याचा हात सोडवला आणि तसाच धरून ठेवला.

"नाही म्हणणार कुणी," ती म्हणाली. "मी सांगते सगळ्यांना. गप आता. गप, लेकरा."

शिंपी बिचारा रिळं गोळा करत होता. "चेष्टा नव्हती रे," तो पुटपुटला. "आईशपथ, चेष्टा नव्हती."

खोलीवर जाऊन धाकट्याचा राग उतरला आणि लाज चढली. डोक्यात राख घालून घ्यायची ही खोड घरी दादाच आवरायचा. पडल्या पडल्या शिंप्याचे शब्द त्याने परत आठवले. उभे असतात, म्हणाला. उभा असतो असं नाही म्हणाला. म्हणजे मान देऊन बोलला. जिवंतपणी पाण्याला उशीर झाला की शिव्या खाणारा आपला दादा, त्याला मेल्यावर का होईना अहो-जाहो मिळालं. त्याने उशी तोंडावर दाबून धरली.

५

गावाने शब्द पाळला. आता कुणी वीटभट्टी विचारली की लोक अडखळायचे. "ते पुढे... तिथून... तुम्ही असं करा, कुणाला तरी विचारा." वाहनं पुढच्या गावापर्यंत जाऊन परत यायची.

पहिल्याच सकाळी वळणावरचा व्हॉल्व्ह हलेना.

धाकट्याने अंग झोकून दिलं. हाताला फोड आले. आधीच खडखडणारी टोकाची भांडी आज गप्प होती. कशीबशी मूठ फिरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तो नेहमीसारखा टेकायला गेला आणि बसता बसता उठला. माती भाजत होती. भाजतच होती ना रोज? इथे झाड कधीच नव्हतं. मग इतके दिवस आपण बसलो कशाच्या सावलीत?

तो काहीतरी बोलायला लागला. "दादा, आज तो व्हॉल्व्ह..." आवाज रस्त्यावर पडला आणि तिथेच राहिला. रिकाम्या घरात बोलल्यावर जसं लगेच कळतं, तसं त्याला कळलं.

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की इतके दिवस इथे बोलताना असं वाटत नव्हतं.

चार-पाच सकाळी त्याने काढल्या. दरवेळी वाटायचं, आज होईल हलका. दरवेळी वळण म्हणजे नुसतं वळण. दादा एकदा गेला तेव्हा निरोप तरी आला होता. दुसऱ्यांदा त्याला आपणच कॉलर धरून घालवलं, हे कुणाला सांगणार?

शेवटी तो टपरीपुढे जाऊन उभा राहिला.

"म्हण," तो शिंप्याला म्हणाला.

"काय?"

"आधी म्हणत होतास तेच. सगळ्यांना सांग. म्हणू देत."

शिंप्याने त्याच्या फोड आलेल्या हातांकडे पाहिलं. "तूच ना रे..."

"मी गाढव आहे. तू म्हण."

"म्हणेन," शिंपी सावकाश म्हणाला. "पण घाई करू नकोस. बोलणं तोंडात बसायला वेळ लागतो."

धाकट्याला कुठला धीर? तो दुपारभर रस्त्यावर उभा राहायचा. येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचा. कुणी काही विचारलेलं नसे. "वीटभट्टी ना? पाणीवाले उभे असतात तिथून डावीकडे!" शिंप्याच्या तोंडचे शब्द, जसेच्या तसे. लोकांना वाटायचं, गावातला खुळा असेल.

६

आणि एका सकाळी मूठ हलकी झाली.

आधी जेमतेम, मग पूर्वीसारखी. भांडी खडखडली. धाकटा चावी तशीच व्हॉल्व्हवर ठेवून खाली बसला तर माती गार होती. त्याने काहीच विचारलं नाही आणि मागे वळूनही पाहिलं नाही. घरातून रुसून गेलेलं माणूस परत आलं की आपण जेवताना मुद्दाम त्याच्याकडे बघत नाही, तसा तो बसून राहिला, रस्त्याकडे बघत. रडू आलं ते त्याने येऊ दिलं.

परतताना तो शिंप्याकडे वळला. खिशात त्याच्यासाठी तंबाखूची पुडी होती.

"काय रे, आज लग्न ठरल्यासारखा हसतोस!" शिंपी म्हणाला.

"राग विसर तेवढा," धाकटा म्हणाला. "आणि एक सांगायचं राहिलं. तुम्ही सगळे दादाला मान देऊन बोलता, ते... ते बरं वाटलं मला."

"मान?" शिंप्याला कळेना. "मान कसला? अरे, दहा घरं पलीकडून आम्ही त्याला 'ए पाणीवाल्या, झोपलास काय' म्हणून हाका मारायचो. तोही द्यायचा शिव्या परत. पाणीवाल्याला कोण अहो-जाहो करतंय!"

"मग उभे असतात असं का म्हणता?"

मशीन चालू होतं. ते थांबलं.

"तोंडात बसलं तसं म्हणतो," शिंपी म्हणाला. तो सुईखालचं कापड नीट करत होता. ते आधीच नीट होतं.

"पहिल्यापासून असंच म्हणता?"

"पहिल्यापासून नाही. तो गेला त्या आठवड्यात... 'पाणीवाला उभा असतो' म्हणत होतो. मला आठवतंय. आत्याही तसंच म्हणायची."

"मग असतात कधीपासून?"

शिंप्याने दोरा दातांनी तोडला. वर पाहिलं नाही.

"तू आलास तेव्हापासून, वाटतं."

शाळेत एकवचन आणि अनेकवचन शिकवत होते तेव्हा धाकटा बहुतेक बाकावर उभा होता. एकाला मान दिला तरी 'असतात', आणि दोघं असले तरी 'असतात', इतकंच त्याला ठाऊक होतं. तेवढं पुरलं. तंबाखूची पुडी मशीनवर ठेवून तो टपरीतून बाहेर पडला. चालताना आपली पावलं वाजतात की नाही, ते तो ऐकत होता.

७

खोलीवर त्याने पिशवी भरली. भरता भरता स्वतःशी वाद घातला. शिंपी अडाणी, आपण त्याहून. एका शब्दाला काय धरून बसायचं? लोक बोलतात, जिभेला हाड नसतं. उद्या कुणी आपल्याला घोडा म्हटलं तर काय शेपूट फुटेल? पण एकाच शर्टाची घडी त्याने तीनदा मोडून परत घातली.

आईला त्याने आपण होऊन फोन लावला.

"आई, मी खोटं बोललो. मी तोंड नाही पाहिलं दादाचं. आलो तेव्हा सगळं झालं होतं."

 ती म्हणाली, "मला माहीत होतं रे."

"कसं?"

"झोपल्यासारखं, म्हणालास. तो झोपला की तोंड उघडं टाकतो. शांत कुठला!" ती हसल्यासारखी झाली आणि हसणं अर्ध्यातच मोडलं. "त्याचं राहू दे. एकाचं दिसलं नाही, ते नाही. तू ये. मला तुझं तोंड दाखव. ऐकतोस का? तुझं तरी दाखव."

"उद्या सकाळच्या बसने निघतो."

"नक्की?"

"नक्की."

"चढलास की फोन कर. मी हातात धरून बसते."

सकाळी आत्याने वाटेसाठी पुडकं बांधून दिलं. "राहिला असतास," ती म्हणाली, पण आग्रह केला नाही. "जाताना तेवढं पाणी सोडून जा, लेकरा. बस वळणावरूनच जाते. हात केला की थांबते. चावी तिथेच ठेव, कुणीतरी आणेल."

पिशवी एका खांद्यावर, चावी दुसऱ्या. गिरणीचं पाणी सोडलं. चिंचेचं सोडलं. म्हाताऱ्याच्या भिंतीशी वाकताना त्याने श्वास धरून ठेवला, आणि भिंतीपलीकडेही कुणी श्वास धरल्यासारखं शांत होतं. मग गाव मागे पडलं आणि पांढरा रस्ता लागला.

ठरवलं होतं ते असं: चावी बसवायची, मूठ फिरवायची, मान वर करायची नाही. बस आली की चालू पडायचं.

त्याने चावी बसवली. नजर झाकणावर ठेवली. मूठ दोन्ही हातांनी धरली आणि रेटली. ती हलकी गेली, इतकी हलकी की तो फक्त बरोबर चालत होता. एक फेर झाला. पाणी खाली गुरगुरलं. दुसऱ्या फेरात त्याला झाकणापलीकडची माती दिसली, आणि तिथे पाय होते. चपलेचा अंगठा तारेने बांधलेला. धाकट्यानेच बांधला होता तो, दादा मागच्या खेपेला घरी आला तेव्हा. नवी घे म्हटलं तर म्हणाला होता, चालतेय की.

त्याचे हात मुठीवरून सुटले नाहीत. त्याने सोडवलेही नाहीत.

नजर आपली आपणच वर चढत गेली. धुऊन विरलेली पँट. मुठीच्या पलीकडच्या टोकावर हात, नखांत माती. मान खाली, कामात गढलेली. काम करताना दादा कुणाकडे बघत नसे, हाक मारल्याशिवाय.

लांबवर बसचा हॉर्न वाजला.

पळ, त्याच्या आत कुणीतरी म्हणालं. ती फोन हातात धरून बसलीय. पळ, मूर्खा. त्याचं त्याला पटत होतं. एक पायही त्याने उचलला.

"दादा," तो म्हणाला.

समोरची मान थांबली. बस त्याच्या पाठीमागे येऊन हळू झाली. इंजिनाची धग त्याच्या पोटऱ्यांना लागली. दार उघडल्याचा आवाज आला.

"कुणी आहे का रे चढणारं?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही," कंडक्टर जांभई देत म्हणाला. "पाणीवाले आहेत ते. इथे उभेच असतात. चल, डावीकडे घे."

घंटी वाजली. धाकट्याने ओरडायला तोंड उघडलं, थांबा, मी चढणार आहे. पण ओरडायचं तर मागे वळायला हवं होतं. आणि समोर मान वर यायला लागली होती. हनुवटी दिसत होती. दाढी वाढलेली होती, आई म्हणाली होती तशीच.

एवढं तोंड पाहू दे, मग पळत जाऊन गाठतो, असं म्हणत तो बघत राहिला.